हॉल मोठा आहे, एसी किती टनाचा घेऊ?

मार्च संपत आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, अरे आमचा हॉल मोठा आहे, डायनिंग धरून सव्वातीनशे स्क्वेअर फूट होईल, दोन टन पुरेल का? दुकानात गेलं की तिथला मुलगा पण हाच एक प्रश्न विचारतो, रूम केवढी, आणि तुम्ही आकडा सांगितला की मनातल्या मनात भागाकार करून टन सांगून टाकतो. दहा बाय बाराच्या बेडरूमला हे चालून जातं. पण ठाण्या-नवी मुंबईतला हॉल ही वेगळी गोष्ट आहे, त्याला एका बाजूला ओपन किचन असतं, दुसरीकडे बेडरूमकडे जाणारा पॅसेज, समोर बाल्कनीची मोठी काच, आणि वर्षातले चार-पाच महिने हवेत इतकं पाणी की वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी पण ओलाच. तिथे नुसत्या स्क्वेअर फुटावर एसी घेतला की एकतर कमी पडतो नाहीतर जास्त होतो, आणि जास्त झालेला पण त्रासच देतो, हे लोकांना पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी टन म्हणजे किती ते बघू. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, आपल्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद. ही विजेची किलोवॉट नाही हं, बाहेर काढलेल्या उष्णतेची आहे. एसी थंडी तयार करत नाही, विहिरीवरचा पंप जसं पाणी तयार करत नाही, खालचं वर आणून टाकतो, तसा हा आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून एक युनिट वीज खाऊन तीन-चार-पाच युनिट उष्णता हलवू शकतो. अमेरिकेत असलेले नातेवाईक फोनवर डक्टलेस हीट पंप लावला म्हणतात ना, ते हेच आपलं स्प्लिट मशीन, फक्त त्यात एक फोर-वे व्हॉल्व्ह असतो आणि तो फिरवला की गॅसचा प्रवास उलटा होऊन बाहेरची उष्णता आत यायला लागते. आपल्याकडे ते हॉट अँड कोल्ड नावाने मिळतं. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे फार तर एक चादर जास्त लागते, त्यामुळे त्याचे जादा पैसे द्यायची मला तरी गरज वाटत नाही. नाशिकला घर असेल तर विचार करा.

अजून एक. डब्यावर दीड टन लिहिलेलं असतं पण खरी ताकद बीईईच्या (वीज बचतीसाठी स्टार देणारी सरकारी संस्था) स्टारवाल्या स्टिकरवर वॉटमध्ये असते. हिशोबाने दीड टन म्हणजे ५,२७५ वॉट व्हायला पाहिजेत, पण त्याच नावाखाली एखादं मॉडेल ५,१०० देतं आणि दुसरं ४,७०० च्या आसपास. म्हणजे दोन दीड टनी एसींमध्ये चारशे वॉटचा फरक पडू शकतो आणि स्वस्तातलं मॉडेल बऱ्याचदा त्यामुळेच स्वस्त असतं. कंपनी कुठली हे बघायच्या आधी हा आकडा बघा.

आता हॉलमध्ये उष्णता येते कुठून. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो, त्यामुळे घरची पाच माणसं म्हणजे अर्धा किलोवॉट. टीव्ही, फ्रिज (आपल्याकडे फ्रिज हॉल-डायनिंगमध्येच असतो), लाइट मिळून तीन-चारशे वॉट. पश्चिमेची मोठी स्लायडिंग काच असेल आणि दुपारी तीननंतर सरळ ऊन आत येत असेल तर एक किलोवॉट सहज, मोठी काच असेल तर जास्तच. घोडबंदर रोडला, खारघरला जे नवे टॉवर झालेत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माइवानचं काम आहे, म्हणजे विटा नाहीत, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, त्या दिवसभर तापतात आणि रात्री आठ-नऊपर्यंत उष्णता आत सोडत राहतात, म्हणून ऊन गेल्यावर पण हॉल गरमच लागतो आणि लोकांना वाटतं एसीचा गॅस कमी झाला. टॉप फ्लोअर असेल तर वरची स्लॅब, तिचं तर विचारूच नका. आणि फटीतून, दारातून येणारी बाहेरची दमट हवा.

सव्वातीनशे फुटांच्या हॉलला हे सगळं मिळवलं तर एप्रिलच्या दुपारी साधारण चार ते साडेपाच किलोवॉटच्या मध्ये कुठेतरी येतं. म्हणजे मधला मजला, पूर्वेची किंवा उत्तरेची काच, किचन बंद, असं असेल तर चांगला भरीव दीड टन धकून जाईल. पश्चिमेची काच आणि टॉप फ्लोअर असेल तर दोन टनच घ्यावा लागेल. हॉल तेवढाच, स्क्वेअर फूट तेच, आणि उत्तरात एवढा फरक. दुकानातल्या भागाकारात हे कुठेच येत नाही.

यात मी किचन धरलेलं नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. गॅसचा मोठा बर्नर फुल केला की दोन-अडीच किलोवॉट उष्णता देतो. म्हणजे एसी अर्धी ताकद लावून उष्णता बाहेर टाकतोय आणि सात फुटांवर कुकर तेवढीच आत सोडतोय. त्यात पोळ्यांची वाफ. ते होऊ नये म्हणून आपण चिमणी लावतो, तर चिमणीवर लिहिलेलं असतं तासाला १,००० किंवा १,२०० घनमीटर हवा खेचते. तुमचा हॉल ३२० स्क्वेअर फूट, उंची साडेनऊ फूट धरा, त्यात हवा आहे साधारण ८६ घनमीटर. म्हणजे कागदावरच्या आकड्याने चिमणी तुमच्या हॉलमधली सगळी थंड केलेली हवा पाच मिनिटात बाहेर फेकू शकते! प्रत्यक्षात पाइपची वळणं, जाळीतलं तेल यामुळे आकडा खाली येतो, पण निम्मा धरला तरी दहा मिनिटं. आणि बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, ती येते बाल्कनीच्या फटीतून, दाराखालून, बाहेरची गरम आणि ओली. त्यामुळे ओपन किचनवाल्यांनी एक टन वाढवून घेण्यापेक्षा किचन आणि हॉलच्या मध्ये काचेचा सरकता दरवाजा बसवता येतो का ते बघावं, ते जमत नसेल तर निदान स्वयंपाक चालू असताना किचनची खिडकी उघडी ठेवावी म्हणजे चिमणी हवा तिथूनच घेईल, हॉलमधली कमी ओढेल. इंटिरियरवाले नेमकी तीच भिंत पाडायला सांगतात. दिसायला छान दिसतं, मान्य आहे.

पॅसेजचं पण तसंच. पडदा लावा, जाड लावा. दिसायला जुनाट वाटेल पण दोन बेडरूमच्या दारापर्यंतची फुकटची जागा थंड करायचं काम वाचतं.

मग सरळ मोठाच घेऊन टाकू की, होऊ दे खर्च, असं बरेच जण म्हणतात. इथे आपली दमट हवा आडवी येते. एसी दोन कामं करतो, हवा थंड करतो आणि हवेतलं पाणी काढतो. बाहेर पाइपमधून जे पाणी ठिबकतं ते फुकट निघत नाही, एक लिटर पाणी हवेतून काढायला साधारण पाऊण युनिटच्या आसपास, नीट सांगायचं तर ०.६८ युनिट उष्णता उचलावी लागते. तासाला दीड लिटर पाणी पडत असेल तर एसीची एक किलोवॉट ताकद नुसतं पाणी काढण्यात गेली, त्याने थर्मामीटर एका अंशाने पण खाली आला नाही. पण आपल्याला बरं वाटतं ते बऱ्याचदा त्या पाणी काढण्यानेच.

आता जुलै घ्या. बाहेर सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री, पाऊस, ऊन नाही, म्हणजे उष्णता कमी पण ओल भरपूर. हॉलला गरजेपेक्षा मोठा एसी असला की तो दहा मिनिटात २४ गाठतो आणि कॉम्प्रेसर बंद करतो किंवा अगदी हळू करतो, आतली कॉइल कोमट होते, तिच्यावर जमलेलं पाणी परत हवेत मिसळतं, आणि खोली थंड पण चिकट होते. मग माणूस रिमोट घेऊन २४ चे २२ करतो, २२ चे २०, आणि तरी अंगाला ओल लागतेच, कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते ती वेगळीच. इन्व्हर्टर एसी आपली ताकद कमी-जास्त करू शकतो म्हणून हा त्रास कमी होतो, पण त्याला पण एक खालची मर्यादा असते. स्पेसिफिकेशन शीटवर किमान आणि कमाल कूलिंग कपॅसिटी असे दोन आकडे असतात, त्यातला किमान आकडा कोणी बघत नाही आणि मोठ्या हॉलला मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा दोन मॉडेल दोन टनाची आहेत, एक खाली १.५ किलोवॉटपर्यंत उतरतं आणि दुसरं अडीचच्या खाली जातच नाही, तर पावसाळ्यात पहिलं सलग हळू चालत राहून पाणी काढेल, दुसरं चालू-बंद चालू-बंद करेल. ड्राय मोड असेल तर पावसाळ्यात तो वापरा, त्यात पंखा हळू होतो, कॉइल थंड राहते, पाणी जास्त निघतं.

तो कन्व्हर्टिबल फाइव्ह-इन-वन प्रकार असतो ना, त्यात मशीन एकच असतं, फक्त कॉम्प्रेसरला चाळीस टक्के, साठ टक्के असा लगाम लावलेला असतो. घरी एक-दोनच माणसं असताना उपयोगी आहे, नाही असं नाही. पण १२० टक्के असं लिहिलेलं वाचून दीड टनाचा दोन टन होईल अशा आशेवर घेऊ नका.

आता एक मोठा की दोन छोटे. हॉल सरळ चौकोनी असेल, एका भिंतीवरून हवा दुसऱ्या टोकाला जाऊ शकत असेल तर एक दोन टनी पुरे, फक्त तो लांबीच्या दिशेने फेकेल असा लावा, आणि सोफ्याच्या डोक्यावर नको, नाहीतर घरातले मोठे माणूस मान धरली म्हणून एसी बंदच करून ठेवतील. पण हॉल एल आकाराचा असेल, डायनिंग कोपऱ्यात वळून असेल, तर कितीही मोठा एसी लावा, डायनिंगला घाम आणि सोफ्यावर हुडहुडी हेच होणार, हवा काटकोनात वळत नाही. तिथे एक टन आणि एक टन किंवा दीड आणि एक असे दोन लावणं मला जास्त पटतं. रोज संध्याकाळी दोघंच टीव्ही बघतायत तर एकच चालू, पाहुणे आले तर दोन्ही, एक बिघडला तर मे महिन्यात मेकॅनिक येईपर्यंत दुसरा आहे, आणि पावसाळ्यात एक टनाचा एसी आणखी खाली उतरून चालू शकतो. तोटा म्हणजे दोन आउटडोअर, दोन ड्रेन पाइप, दरवर्षी दोन सर्व्हिसिंग, आणि सोसायटीने आउटडोअरसाठी ठरवून दिलेली एकच जागा असेल तर सेक्रेटरींशी दोन-चार चहा.

एकाच आउटडोअरवर दोन-तीन इनडोअर चालतात ते मल्टी-स्प्लिट पण मिळतं. जागा वाचते पण आउटडोअर गेलं की सगळं घर गेलं, आणि किमतीने दोन वेगळे एसी घेण्यापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. जागाच नसेल तरच. कॅसेट एसी म्हणजे सीलिंगमध्ये बसणारा, चारी बाजूंना हवा टाकतो, मोठ्या चौकोनी हॉलला हवा पसरवण्यात तो सगळ्यात चांगला, पण त्याला वर जवळपास फूटभर जागा लागते आणि साडेनऊ फुटी फ्लॅटमध्ये एवढं फॉल्स सीलिंग केलं की पंख्याचं काय करायचं हा प्रश्न येतो. पंखा मी तरी काढणार नाही. एसी २६ वर आणि पंखा हळू, हे २३ वर नुसत्या एसीपेक्षा बरं लागतं, आणि बीईई सांगते की सेटिंग एक डिग्री वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवीन रूम एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर येतात ते त्याच कारणाने.

गणपतीचं काय, वीस माणसं येतात, हा प्रश्न हमखास येतो. वीस माणसं म्हणजे दोन किलोवॉट, किचनमध्ये मोदकांची वाफ, दार सतत उघडं. त्या दिवसाच्या हिशोबाने एसी घेतला तर तीन टन लागेल आणि उरलेलं वर्ष तो चालू-बंद करत चिकट हवा देईल. दीड दिवसाच्या गणपतीसाठी दहा वर्षांचं मशीन ठरवू नका, त्या दिवशी खिडक्या उघडा, सगळे पंखे लावा.

स्टारचं गणित. स्टार ठरतात आयएसईईआर या आकड्यावर, म्हणजे बाहेर २४ ते ४३ डिग्री अशा वेगवेगळ्या तापमानात वर्षाला १,६०० तास चालवला तर एकूण उष्णता किती काढली भागिले वीज किती खाल्ली. स्टारचे नियम काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे गोडाउनमधल्या जुन्या मालावरचे पाच स्टार आणि यंदाचे पाच स्टार एक नसतात, म्हणून स्टार मोजू नका, आकडा वाचा. समजा तुमचा हॉल वर्षाला ४,००० युनिट उष्णता बाहेर टाकायला लावतो. आयएसईईआर ४ असेल तर वीज १,००० युनिट, ५ असेल तर ८००. वाचले २०० युनिट. आता ही युनिट किती रुपयांची? महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी, ३०० च्या पुढे चांगलाच चढा, आणि एसीची युनिट नेहमी वरच्या स्लॅबमध्येच जाऊन बसते, म्हणून सरासरी दर लावू नका, तुमच्या बिलावरचा शेवटचा लागू झालेला स्लॅब बघा. गणितासाठी १५ रुपये धरले तर वर्षाला ३,००० वाचले. दोन मॉडेलमध्ये दहा हजारांचा फरक असेल तर साडेतीन वर्षात वसूल. पण हॉलमधला एसी फक्त रविवारी आणि पाहुणे आले की लागत असेल, म्हणजे वापर एक तृतीयांश, तर तेच वसूल व्हायला दहा वर्षं. बेडरूमला पाच स्टार, हॉलला तीन स्टार, असं कोणी केलं तर त्याला कंजूष म्हणू नका, हिशोब बरोबर आहे त्याचा.

खाडीजवळ राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ऐरोली, वाशी, नेरुळ, सीवूड्स, इकडे कळवा, कोलशेतचा भाग. खारट हवा तर आहेच, पण खाडीच्या चिखलातून आणि उघड्या नाल्यातून जो कुजका वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो तांब्याला खातो. कॉइलला बारीक भोकं पडतात, गॅस हळूहळू जातो, दरवर्षी गॅस भरायचा कार्यक्रम. तुमच्याकडे देवघरातली चांदीची भांडी भराभर काळी पडत असतील तर समजा की हवा तीच आहे. अशा ठिकाणी कोटिंग फक्त बाहेरच्या कॉइलला आहे की आतल्या पण, हे विचारून घ्या आणि वॉरंटीच्या कागदावर कॉइल आणि गॅस चार्जिंग दोन्ही लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. कॉम्प्रेसरवर दहा वर्षं हे सगळेच मोठ्या अक्षरात लिहितात, पण अशा हवेत कॉम्प्रेसरच्या आधी कॉइल जाते.

पैसे भरायच्या आधी घरात तीन ठिकाणी बघून घ्या. एक, नवीन टॉवर असेल तर बिल्डरने भिंतीतून कॉपर पाइप आधीच टाकलेला असतो, तो केवढा आहे. दीड टनाला साधारण दोन सूत आणि चार सूतची जोडी लागते (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन टनाला अनेक मॉडेलमध्ये मोठा पाइप पाच सूतचा असतो, आणि भिंतीत चार सूत असेल तर भिंत फोडा नाहीतर मॉडेल बदला. दोन, वायर आणि मंजूर भार. दोन टनाला वेगळी ४ एमएमची लाइन आणि स्वतःचा एमसीबी हवा, आणि बिलावर मंजूर भार किती किलोवॉट लिहिलाय ते बघा, दोन एसी आणि गीझर एकदम चालणार असतील तर वाढवून घ्यावा लागेल. तीन, आउटडोअर कुठे बसणार. बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत किंवा अरुंद डक्टमध्ये एकावर एक सहा मजल्यांची आउटडोअर असली की खालच्यांची गरम हवा वरच्यांना मिळते आणि पाच स्टार मशीन बिचारं पन्नास डिग्रीत धापा टाकतं. तिथे स्टार वाढवून काही होत नाही, जागा बदलली तरच होतं.

बसवायच्या दिवशी घरी थांबा. हल्ली बहुतेक मशीन आर-३२ गॅसवर असतात, काही आर-२९० वर, आणि पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल व्हॅक्युम पंपाने काढायची असते. घाईत असलेला माणूस थोडा गॅस सोडूनच हवा बाहेर ढकलतो आणि पंप गाडीतच राहतो. पंप कुठे आहे विचारा, तो पंधरा-वीस मिनिटं चालताना दिसला पाहिजे. मग इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओता आणि ते पाइपमधून सरळ बाहेर येतंय का, आणि खालच्यांच्या बाल्कनीत न पडता आउटलेटमध्येच पडतंय का हे बघा, आणि मगच त्याला सही द्या.